अर्ध्या तासाचं मलम

ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर त्याला जागा मिळते ती खालच्या कप्प्यात. वर सलाइनची बाटली, गॉज, कात्री, चिमटा, आयोडीनचे डाग पडलेली वाटी. खाली हातमोज्यांच्या खोक्याला टेकून ही ट्यूब, शेपटाकडून गुंडाळत आणलेली. आतलं मलम पांढरं, वास जवळजवळ नाहीच. बामाचा झणका नाही, हळदीचा रंग नाही. आणि ज्या औषधाला वास नाही त्यावर आपल्याकडे कुणाचा चटकन विश्वास बसत नाही.

ही ट्रॉली लोहाऱ्यातल्या दवाखान्यातली. लोहारा आता यवतमाळला पार चिकटलंय. दारव्हा रोड, एमआयडीसी, आणि उभ्याने पोट भरणारी माणसं: कोणी मशीनपुढे, कोणी हॉटेलातल्या कढईपुढे, कोणी पानठेल्यावर. त्यांतल्या काहींच्या पोटरीवर आधी निळ्या शिरांच्या गाठी उठतात. मग घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळपट, टणक होते. एक दिवस खाटेचा कोपरा लागतो, जखम होते, आणि ती मिटायचं नाव घेत नाही. खरं दुखणं कातडीचं नसतंच. पायातलं रक्त वर नेणाऱ्या शिरांमध्ये झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली तुंबतं, दाब वाढतो आणि घोट्याजवळची कातडी उपाशी राहून फाटते.

आमच्या नात्यातल्या एका काकाजींचा जन्म पिठाच्या चक्कीवर उभ्याने गेला. त्यांची जखम तळहाताएवढी, वर पिवळा चिवट थर. तो खरवडून काढल्याशिवाय खालचं लाल मांस वर येत नाही, आणि खरवडणं म्हणजे धारेच्या छोट्या चमच्याने उघड्या मांसावर काम. काकाजी टेबलाची कड धरून बसायचे. ओरडायचे नाहीत, फक्त पायाची बोटं ताठ व्हायची. ती पाहून सिस्टरचा हात आखडायचा आणि अर्धा थर तसाच राहायचा. सोसणाऱ्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं, पण काकाजींच्या सोसण्यामुळे जखम साफ झाली नाही, एवढं मी पाहिलंय.

मग एकदा ही ट्यूब बाहेर निघाली.

मलमाचा स्वभाव पहिल्याच भेटीत कळतो. ते चोळून घेत नाही. त्याचा जाड थर द्यायचा, वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट लावायचं आणि त्याला एकटं सोडायचं. सुरुवातीला ते उलटंच वागतं.

“हे काय लावलं बाप्पा, आगच होऊन राहिली!”

“थांबा ना काकाजी, पाच मिनटं. मंग सुन्न होते.”

थोड्या वेळाने आग ओसरते, कडेची कातडी फिकी पडते, आणि ठणका कुठे गेला हे माणूस पायाकडे पाहून शोधू लागतो. उघड्या जखमेवर निदान अर्धा तास द्यावा लागतो, कधी तासभर. मलम पुसल्यावर मात्र रेंगाळायचं नाही, दहा मिनिटांच्या आत काम सुरू करायचं. अर्धा तास थांबवणाऱ्याने मग एवढी घाई करावी हे मला जरा विचित्रच वाटतं.

घराणं त्याचं स्वीडनचं. त्यात दोन औषधं, लिडोकेन आणि प्रायलोकेन. निल्स लोफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने 1943 मध्ये स्टॉकहोमला लिडोकेन तयार केलं. त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःलाच टोचून पाहिलं. 1948 पासून ते झायलोकेन नावाने बाजारात आलं, आणि दाढ काढताना आपल्यापैकी बहुतेकांच्या हिरडीत ते गेलेलं आहे. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची बारीक दारं असतात. लिडोकेन ती अडवतं, मग दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत जातच नाही. प्रायलोकेन हा त्याचाच धाकटा भाऊ. दोघेही वेगवेगळे असताना घन. लिडोकेन वितळायला 68 अंश लागतात, प्रायलोकेनला 38च्या आसपास. पण दोघांना सारख्या प्रमाणात एकत्र केलं की 18 अंशांच्या आसपासच तेल होतं. यवतमाळचा मे लागतच नाही, पुसातली दुपारही पुरते. या तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवले की झालं मलम, दोघेही अडीच-अडीच टक्के. 1984 मध्ये स्वीडनमध्ये त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांना सुई टोचण्याआधी कातडी बधिर करणं हे त्याचं मुख्य काम. पायाच्या जखमांकडे ते नंतर वळलं.

त्याच्या कर्तबगारीचा हिशेबही झालेला आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात सहा चाचण्या आणि 343 रुग्ण धरले आहेत. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर खरवडण्याचं दुखणं या मलमाने सरासरी एकवीस मिलिमीटरने उतरलं. म्हणजे दुखणं नाहीसं झालं नाही, सोसवेल इतकं झालं. जखम लवकर भरते का, याचा पुरावा त्यात मिळाला नाही, आणि मलमाचाही तसा दावा नाही. जखम भरण्याचं श्रेय पट्टीचं: पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत ओढून बांधलेली दाबाची पट्टी. तीसुद्धा पायाच्या धमन्या ठीक आहेत हे तपासल्यावरच, नाहीतर पायच गमवायची वेळ यायची. मलमाचं काम त्याआधी संपलेलं असतं.

आता त्याचा एक दुर्गुण, आणि आमच्या भागात तो सांगायलाच हवा. प्रायलोकेन शरीरात मोडताना जो पदार्थ तयार होतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवू शकतो. मग रक्त ऑक्सिजन नीट सोडत नाही आणि ओठ निळसर पडतात. मापात लावलं तर सहसा असं होत नाही, म्हणून मोठ्या जखमेलाही एका वेळी दहा ग्रॅमच्या वर जायचं नाही. पण जी6पीडी नावाचं विकर ज्यांच्या रक्तात कमी असतं त्यांना धोका जास्त, आणि विदर्भातल्या आदिवासी वस्त्यांत अशी माणसं आढळतात. डॅप्सोन घेणाऱ्यालाही तोच धोका, आणि कुष्ठरोगाच्या गोळ्यांत डॅप्सोन असतंच. म्हणून ट्यूबचं झाकण उघडण्याआधी ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत’ हे विचारणं आलं.

कुष्ठरोगाचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवाटेने जातो. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला. दोन्ही ठिकाणं आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतली. तिथे ज्या पायांना पट्ट्या बांधल्या जात होत्या त्यांतले कितीतरी दुखतच नव्हते. तळव्यात काटा रुतला तरी माणूस चालत राहायचा आणि जखम हाडापर्यंत जायची. न दुखण्याची किंमत काय असते हे या मुलखाला माहीत आहे. त्यामुळे ‘सुन्न करायचं मलम’ म्हटलं की कोणी म्हातारी दचकली तर मी तिला हसणार नाही. हे मलम बधिरपणा उसना देतं आणि थोड्या वेळात परत नेतं, एवढं तिला सांगितलं की पुरे.

तरी ते खालच्या कप्प्यातच का, याचं कारण मला पैशात पूर्ण सापडत नाही. तीस ग्रॅमची ट्यूब मोठ्या जखमेला तीन वेळा पुरते, म्हणजे खर्च आहेच. पण त्याहून महाग आहे तो अर्धा तास. बाहेर रांग लागलेली असताना एका पायाला प्लास्टिक बांधून नुसतं बसवून ठेवायला टेबल कुठून आणायचं? त्यावर आमच्या सिस्टरने साधा तोडगा काढला. मलम आल्या आल्या लावायचं, आणि पाय वर ठेवून बाहेरच्या बाकावर बसवायचं.

काकाजी आता नंबर लागायच्या बऱ्याच आधी येतात. परवा मलम लावून झाल्यावर त्यांना चहाची तलफ आली.

“मंग मी तेवढ्यात ठेल्यावरून जाऊन येतो.”

“जा ना. पाय तेवढा इथं ठेवून जा.”