दहा बोटांचा अहवाल आणि माझी श्रुतलेखनाची वही



मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आमची शाळा भाईंदर पूर्वेला. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील इथल्या स्टीलच्या गाळ्यांमध्ये कामाला आहेत, तर काहींचे रोज विरार-चर्चगेट करतात. शाळा सुटल्यावर तिसरीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रंगीत छापलेला जाडजूड अहवाल. "मॅडम, याची बोटांची टेस्ट केली. यात आलंय, याचं डोकं गणिताचं नाहीच. मग उगाच पाढ्यांसाठी कशाला दमवायचं त्याला?"

तुमच्याही शाळेत असा फोल्डर आला असेल. डीएमआयटी म्हणतात त्या चाचणीला. दहा बोटांचे ठसे मशीनवर घ्यायचे आणि त्यावरून डावा मेंदू किती टक्के, उजवा किती, गणित किती, संगीत किती हे सांगायचं. ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत, हे खरं. पण म्हणून त्यात गणित लिहिलेलं असतं का? 'इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी' या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. त्या माउलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरातली महिन्याची बचत त्यात गेली होती.

खरं सांगू? पहिल्यांदा अहवाल वाचला तेव्हा मलाही पटला. 'मूल संवेदनशील आहे, कौतुक केल्यास खुलते, मनाविरुद्ध गोष्ट झाल्यास हट्ट करते, क्षमता भरपूर पण पूर्ण वापर होत नाही.' अगदी तोच डोळ्यासमोर आला! मग आईच्या परवानगीने, नाव झाकून, ते पान मी स्टाफरूममध्ये दोन सहकारी बाईंना दाखवलं. एकीला तिच्या वर्गातली एक मुलगी आठवली, दुसरीला स्वतःचा धाकटा. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

ही गंमत जुनीच आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थी काही मूर्ख नव्हते. आपलं मन जुळणारं तेवढं उचलतं आणि न जुळणारं सोडून देतं, एवढंच. आपण ज्याला 'अनुभव' म्हणतो त्यात हे किती मिसळलेलं असतं बघा.

डी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राचा पेपर होता. १८७९, लाइपझिग, वुंट, पहिली प्रयोगशाळा हे सगळं पाठ केलं आणि मार्कही मिळवले. पण मन समजायला प्रयोगशाळा कशाला लागावी, हा प्रश्न कधी पडला नाही. माणसांची पारख तर आपल्याला असतेच की! 'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' आणि 'प्रयत्नांती परमेश्वर', दोन्ही म्हणी आपल्या तोंडी. मूल हुशार निघालं की पहिली वापरायची, ढ मूल पुढे आलं की दुसरी. म्हणजे काहीही घडलं तरी आपण बरोबरच. जी समजूत कधी चूक ठरूच शकत नाही, तिच्यावरून वर्गात उद्या काय करायचं हे मात्र कळत नाही.

चूक ठरण्याची संधी देणं म्हणजे काय, याचं मला फार आवडणारं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शिक्षकांनी हुशार ठरवलेली १०० मुलं आणि मतिमंद मुलांच्या शाळांतली १०० मुलं, अशा २०० कुंडल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या आणि कुठली कुंडली कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. सगळ्यात जास्त गुण मिळाले त्यांचे ४० पैकी २४. मला यात भावलं ते असं की कुणाला नावं ठेवली नाहीत, वाद घातला नाही. किती बरोबर आले तर मानायचं हे आधी ठरवलं, उत्तरं झाकून ठेवली आणि मोजलं.

आता माझ्याबद्दल. दुसऱ्याच्या फोल्डरला हसणं सोपं असतं हो. माझी स्वतःची एक पक्की समजूत होती: ओरडलं की मुलं सुधारतात, कौतुक केलं की शेफारतात. दर शनिवारी वीस शब्दांचं श्रुतलेखन घेते. ज्याला १८ मिळाले त्याला शाबासकी दिली की पुढच्या वेळी १४. ज्याला ८ मिळाले त्याला झापलं की पुढच्या वेळी १२. आठ वर्षांचा अनुभव, कोण खोटं म्हणेल? नंतर डॅनियल कानेमन यांच्याबद्दल वाचलं. ते मानसशास्त्रज्ञ, २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. इस्रायलच्या हवाई दलातले प्रशिक्षक त्यांना अगदी माझंच वाक्य ऐकवत होते. कानेमन यांचं म्हणणं असं की फार चांगल्या दिवसानंतर बहुतेक वेळा साधा दिवस येतो, फार वाईट दिवसानंतरही साधाच येतो. मधे तुम्ही ओरडा नाहीतर गप्प बसा.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणून सहा शनिवार मी काहीच बोलले नाही. वहीवर नुसते गुण. तरीही वरची मुलं खाली आली आणि खालची वर गेली, तशीच! एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्या पोरांना मी इतकी वर्षं 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून उभं केलं, त्यांचे चेहरे त्या रात्री आठवत राहिले.

तर त्या मुलाचं. आईला म्हटलं, "ताई, अहवाल राहू दे बाजूला. मला तीन आठवडे द्या." त्याच्या वजाबाक्या मी प्रकार पाडून मोजल्या. बिनहातच्याच्या जवळजवळ सगळ्या बरोबर, हातच्याच्याही बऱ्याच. चुकत होत्या त्या मधे शून्य असलेल्या. ४०२ वजा १५७ चं उत्तर तो २५५ लिहायचा, आणि दर वेळी तशीच चूक. शतकाकडून उसनं घेऊन थेट एककाला द्यायचा, मधलं दशकाचं घर कोरडंच! मग आम्ही काड्यांचे गठ्ठे घेतले. शंभराचा गठ्ठा सोडला, दहा-दहाचे दहा झाले, त्यातला एक सुटा केला. "मॅडम, मग इथे नऊ उरले ना?" तो स्वतःच म्हणाला. २४५.

सगळं झटक्यात सुधारलं असं नाही. भागाकारात अजून अडतो. पण घरी पाढे परत सुरू झालेत. अहवाल त्याच्या वडिलांनी लॅमिनेट करून ठेवलाय म्हणे, इतके पैसे दिलेत तर टाकवत नाही. मीही परवा एका मुलीबद्दल स्टाफरूममध्ये सहज म्हणून गेले, "तिचं लक्षच नसतं हो." शेजारच्या बाईंनी विचारलं, "किती वेळा? मोजलंस का?"

सोमवारपासून मोजतेय.