नो नेटवर्क, आम्ही दोघंच!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, पांढरी वाळू, माडाला बांधलेला झोका आणि त्यात पहुडलेले आपण. ब्रोशरवर हेच तर असतं! पण मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर जायचा बेत असेल, तर आधीच सांगून ठेवते. पहिल्या दिवशी यातलं काहीसुद्धा दिसत नाही. मुंबई ते अगत्ती हे अंतर जवळपास ९०० किलोमीटर. आमचं जहाज संध्याकाळी सुटणार, दुसरा अख्खा दिवस पाण्यातच जाणार आणि बेट दिसणार ते तिसऱ्या सकाळी. मग पहिल्या दिवसाचं करायचं काय? आमच्यापुरतं सांगायचं, तर सगळ्या ट्रिपमध्ये हाच दिवस सगळ्यात मोलाचा ठरला.

आम्ही म्हणजे मी आणि नवरोबा. लग्नाला तीन वर्षं झाली. तो आयटीवाला, क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे त्याचा दिवस दुपारी सुरू होतो. मी फ्रीलान्सर, माझी सगळी धावपळ सकाळची. घरात आमचा संवाद चालतो तो मुख्यतः फ्रिजवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांतून. 'दूध संपलंय', 'गॅसवाला येऊन गेला' वगैरे. अशात त्याला सिंगापूरची ऑफर आली. दोन वर्षांसाठी. क्रूझवरून परतल्या परतल्या हो की नाही ते कळवायचं होतं आणि गेले तीन आठवडे आम्ही एकमेकांना फक्त 'वीकएण्डला बोलू' एवढंच सांगत होतो.

बॅलार्ड पिअरवर पोचलो तेव्हा भर दुपार होती. एके काळी विलायतेला जाणाऱ्या बोटी इथूनच सुटायच्या. आता रांगेत ट्रॉली बॅगा, गॉगल लावलेली हनिमून कपल्स आणि खाकऱ्याचे डबे घेतलेली मोठमोठी कुटुंबं. सामानाला टॅग लागतो, ओळखपत्र तपासतात, फोटो काढतात आणि हातात एक कार्ड देतात. हे कार्ड म्हणजे जहाजावरचं तुमचं सर्वस्व! केबिनची किल्ली तेच, पाकीट तेच, बेटावर उतरता-चढतानाची हजेरीही तेच. आम्ही सगळ्यात स्वस्त केबिन घेतली होती, खिडकी नसलेली. दिवा बंद केला की दुपारीही मिट्ट काळोख. 'चला, म्हणजे झोप तरी मस्त लागेल,' नवरोबा म्हणाला.

तोवर भोंगा झाला. सात छोटे आणि एक लांब. हा धोक्याचा इशारा, म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. याला मस्टर ड्रिल म्हणतात. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचं होतं. म्हणून आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता सुटताच ते घ्यावं लागतं. लोक लाइफ जॅकेट घालून सेल्फी काढत होते. मला मात्र आजेसासूबाई आठवल्या. त्या रेवसकडच्या. 'बोटीने जातोय' म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, 'जॅकेटं देतात ना गं?' १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. त्या पिढीच्या डोक्यातून ती बोट कधीच गेली नाही. आमचं जहाजही याच बंदराच्या तोंडातून बाहेर पडणार होतं. मी जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा नीट ओढून बघितला.

संध्याकाळी जहाज हललं, तेही इतकं अलगद की धक्का मागे सरकायला लागल्यावरच ते कळलं. आता दिशांचा फंडा सांगते. जहाज दक्षिणेकडे निघतं, त्यामुळे मुंबई उजवीकडे. ताज, गेटवे, मग कुलाब्याच्या टोकाचं १८७५ सालचं प्राँग्स दीपगृह. ते मागे पडलं की उजवीकडे फक्त समुद्र आणि सूर्यास्त. डावीकडे मात्र आपला कोकण किनारा. दिवेलागणीला अलिबागसमोर खांदेरीचा दिवा लुकलुकताना दिसला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्या यादीतले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही याच वाटेवर आहेत, पण ते रात्रीच्या काळोखात खूप लांबून निघून जातात.

सगळी गर्दी उजवीकडे सूर्यास्ताचे फोटो काढत होती. आम्ही डावीकडे दोन खुर्च्या पकडल्या. नवरोबाने सवयीने मोबाइल काढला. एक कांडी, मग तीही गेली. 'वाय-फायचं पॅकेज घेऊ का?' त्याने विचारलं. 'कशाला?' मी म्हटलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फोन खिशात गेला.

पहिली पंधरा मिनिटं जाम ऑकवर्ड गेली. घरात टीव्ही असतो, फोन असतो, कुकरची शिट्टी असते. इथे एकमेकांकडे बघण्याशिवाय दुसरा टाइमपासच नाही! मग तोच म्हणाला, 'तू तिकडे काय करशील गं?' ऑफर आल्यापासून हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. मी मराठीत लिहिते. माझे वाचक इकडे, माझे एडिटर इकडे, मला विषय मिळतात तेही इकडच्या लोकलच्या डब्यात. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. 'मग मला आधी नाही का म्हणाली नाहीस?' 'तुझ्या करिअरच्या आड आले असं वाटायला नको म्हणून.' तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आणि मला भीती, की तू हो म्हणशील आणि आयुष्यभर मनात ठेवशील.'

मागे पूलच्या बाजूला डीजे सुरू झाला होता. आम्ही तिथेच बसून राहिलो. थोडं भांडलोही. एकदा मला रडू आलं, पण वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसलं असावं. जेवायला गेलो तेव्हा बुफेत गुलाबजाम संपले होते आणि आमचं ठरलं होतं. सहा महिन्यांसाठी पाठवत असतील तर हो. दोन वर्षं असतील तर नाही.

रात्री शो होता, कॅसिनो होता, आम्ही मात्र पुन्हा डेकवर. काळोखात दूर कुठेतरी मच्छीमार बोटींचे दिवे, बाकी फक्त पाण्याचा आवाज. तिसऱ्या सकाळी अगत्ती दिसलं, सॉल्लिड सुंदर होतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. सिंगापूरचं म्हणाल, तर ऑफिसने अजून उत्तर दिलेलं नाही.

जाताय? मग हे वाचाच!

केबिन : बोट लागत असेल, तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या. तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. आलेपाक सोबत असू द्या.

परमिट : लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. त्याचे फॉर्म आणि कागदपत्रं बुकिंग करतानाच विचारून घ्या.

खर्च : तिकिटात काय धरलंय आणि काय नाही ते नीट वाचा. कार्डावर बिल चढताना कळत नाही, शेवटच्या दिवशी कळतं.

बेटावर : अगत्तीवर दारूबंदी आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, तो गुन्हा आहे.

मोबाइल : चढल्यावर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कचं रोमिंग बिल येईल. आणि जे बोलायचं राहून गेलंय, ते शक्यतो पहिल्याच संध्याकाळी बोलून टाका. पुढचे दिवस मजेत जातात.