दहा ते पाचची ड्यूटी

या ग्रुपवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे फोटो आले की त्यात कबुतरं असतातच. आज त्यांच्याबद्दलच थोडं.

आमचं घर छत्र्यांच्या मागच्या गल्लीत. कृष्णाबाईसाहेबांच्या छत्रीवरून उडालेलं कबुतर थेट आमच्या गॅलरीत उतरतं. आमच्या हिचं त्यांच्याशी उभं वैर. काडी दिसली की झाडू घेऊन धावायची.

मागच्या फाल्गुनात ही गेली. दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. मुलाने, सुनेने काय काय कबूल केलं. पाऊण तास झाला, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी हात जोडून म्हटलं, "तुझ्या मोगऱ्याला रोज पाणी घालीन." शिवला! योगायोग म्हणा, मी कॉमर्सचा माणूस. पण तिथे घाटावर मला रडू आवरलं नाही.

मुलं पुण्याला परतली आणि आठवड्याभरात नेमक्या त्याच कुंडीत कबुतराच्या जोडीने चार काड्या टाकून दोन अंडी घातली. आता पाणी कसं घालायचं? चहाच्या चमच्याने, कडेकडेने घालू लागलो. त्यात अर्धा तास जायचा. घरात मला दुसरं काम तरी काय होतं?

बघता बघता त्यांचा ड्यूटी चार्ट लक्षात आला. सकाळी दहाच्या सुमारास नर अंड्यांवर बसतो, चार-पाचला मादी येते ती रात्रभर. म्हणजे बँकेचीच वेळ! आमच्याकडे पोरगा तापाने फणफणलेला असला तरी मी अर्धवार्षिक क्लोजिंग म्हणून रात्री दहाला घरी. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

अठराव्या दिवशी पिलं निघाली. मोबाइलवर वाचलं की कबुतराच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं काहीतरी तयार होतं आणि ते नरसुद्धा पिलांना पाजतो. "अगं, ऐकलंस का..." म्हणत मी आत वळलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो होतो.

डॉक्टर रागावतात, विष्ठेने फुफ्फुसं बिघडतात म्हणून. खरंच आहे ते. तोंडाला फडकं बांधून गॅलरी धुतो.

महिन्याभराने पिलं उडाली. मोगरा अर्धा वाळला होता, पावसात दोन फुटवे आलेत. परवा कुंडीत पुन्हा एक काडी दिसली. झाडू हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू. काडी अजून तिथेच आहे.