तांदळाएवढा लेप

वाचकहो, आपल्या घरी लॅपटॉप असेल, तर एखाद्या दुपारी त्याच्या तळाशी हात लावून पाहा. आई तापकरी मुलाच्या कपाळावर ठेवते तसा. गेल्या वैशाखात आमच्या नागपुरातील घरी मी तसा हात लावला आणि चटका बसून तत्काळ मागे घेतला.

ते यंत्र माझ्या धाकट्या कन्येचे. वय वर्षे सहा. एम.एस्सी.चा प्रबंध ती त्यावर लिहीत होती आणि तो सादर करण्यास तीन आठवडे उरले होते. लेखन मात्र पुढे सरकत नव्हते. मी दोन्ही वेळा चौकशी करी आणि ती म्हणे, "बाबा, हा चालतच नाही हो! मी तरी काय करू?" मला ती सबब वाटे. एके रात्री जेवताना मी तिला 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण ऐकविली. ती पानावरून उठून गेली.

दुरुस्तीच्या एका दुकानातील गृहस्थांनी तर यंत्र न उघडताच 'मदरबोर्ड गेला' असा निर्वाळा दिला आणि नवे घेण्याचा सल्लाही दिला. निवृत्त माणसाला पन्नास हजारांचा खर्च म्हणजे वर्षाचे गणित मोडणे होय. मी त्याच विवंचनेत असताना माझा भाचा सुट्टीत घरी आला. त्याने प्रोसेसरचे तापमान दाखविणारा एक प्रोग्रॅम सुरू केला. दहा मिनिटे झाली नाहीत तोच आकडा ९७ अंश सेल्सिअसवर गेला.

"मामा, हा बिघडलेला नाही," तो म्हणाला, "हा स्वतःला वाचवतो आहे."

बहुतेक लॅपटॉपमधील प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंशांच्या आसपास संपते. ती सीमा जवळ आली, की तो जळून जाऊ नये म्हणून आपली गती आपणच कमी करतो. त्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद पडते. आपण ज्याला आळस म्हणतो, तो त्याचा शहाणपणा असतो.

आम्ही यंत्र बंद केले, चार्जर काढला, तळाचे झाकण उघडले आणि प्रथम बॅटरीची जोडणी सोडविली. पंखा आणि त्यापुढील बारीक पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीची एक लहानशी वाकळच साचली होती. पंख्याची पाती बोटाने धरून ती आम्ही ब्रशने काढली. चिपपासून पंख्यापर्यंत गेलेली तांब्याची चपटी नळी मात्र मी कुतूहलाने पाहत राहिलो. ती आतून पोकळ असते. हवा काढून तिच्यात थोडेसे पाणी ठेवलेले असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला तिचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येते. वर्षानुवर्षे ही येरझार निमूटपणे चालू असते.

नळीच्या बैठकीवरील स्क्रूंना क्रमांक दिलेले असतात. उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करीत आम्ही ती उचलली. खाली चिपवरचा मूळचा लेप उन्हाळ्यातील तळ्याच्या गाळासारखा वाळून भेगाळला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने तो पुसला. शेजारच्या भागांवरील मऊ पट्ट्या धड होत्या, त्यांना हात लावला नाही.

चिप आणि तांबे दोन्ही आरशासारखी दिसतात, पण त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबे हवेच्या सुमारे १५,००० पट उष्णता वाहून नेते. म्हणून ती हवा हुसकावण्यासाठी हा लेप! 'अधिकस्य अधिकं फलम्' या न्यायाने मी नळी सढळ हाताने दाबू लागलो, तोच भाच्याने माझा हात धरला. लेप हवेहून पुष्कळ बरा असला, तरी तांब्याहून कितीतरी पटींनी कमी पडतो. थर जाड झाला, की तोच अडसर ठरतो. तांदळाच्या दाण्याएवढा लेप पुरे, मात्र चिप सर्वत्र झाकली गेली पाहिजे. तो पातळ पसरून, आता क्रमाने स्क्रू आवळून, आम्ही यंत्र मिटले.

त्याच कामाला तापमान ७८ अंशांवर थांबले. काही शे रुपयांची ती नळी अजून अर्धी शिल्लक आहे.

वाचकहो, हमीची मुदत शिल्लक असेल, तर यंत्र स्वतः उघडू नका. ते गादीवर ठेवू नका. तळाची हवा कोंडते. पंखा खोलीतलीच हवा फिरवितो, तेव्हा खोलीहून अधिक गारवा तो कोठून आणणार? आणि कोणी मंद चालत असेल, तर निर्वाळा देण्याआधी त्याचा ताप पाहा. मी तो पाहिला नव्हता, यंत्राचाही आणि मुलीचाही.

त्या रात्री मी तिला म्हटले, "अंगण खरोखरच वाकडे होते." तिने मान वर केली नाही. ती भराभर लिहीत होती.