झाकण उघडायची घाई

गाडी तापली की माणूसही तापतो, आणि मग दोघांपैकी आधी निवायचे कोणी, असा प्रश्न पडतो. मी त्याचे उत्तर चुकलो. किंमत मात्र दुसऱ्याने मोजली.

१९८४ सालचा मे महिना. धुळ्याला ११ वाजता शिक्षकाच्या नोकरीसाठी मुलाखत होती. एस. टी. चुकली, म्हणून चिंचपाड्याच्याच एका दादांच्या जीपमध्ये बसलो. मागे भाताची पोती. विसरवाडी गेली, कोंडाईबारीचा घाट लागला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली.

दादांनी गाडी कडेला घेतली. "पट्टा ढिला झालाय, भाऊ. अर्धा तास थांबू."

त्या एका पट्ट्यावर पंखाही फिरतो आणि पाण्याचा पंपही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बाकीची काही धुरावाटे जाते आणि उरलेली इंजिनातून बाहेर काढावी लागते. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते पसरते, पंख्याचा वारा त्याला निववतो. घाटात गाडी हळू चालते. समोरचा वारा कमी, इंजिनाचे कष्ट जास्त. त्यात पट्टा ढिला!

मी घड्याळ पाहिले, रुमाल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. झाकण अर्धे फिरले तेवढ्यात दादांनी मला ढकलले. वाफेचा लोट त्यांच्या मनगटावर आला.

त्या झाकणाला स्प्रिंग असते. आतले पाणी ती दाबून धरते, म्हणून ते १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपासपर्यंत तग धरते. झाकण उघडले की दाब जातो आणि त्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते.

मागून धुळ्याचा ट्रक आला. दादा हात दाबून म्हणाले, "जा भाऊ, मुलाखत चुकवू नका."

आणि मी गेलो.

नोकरी लागली. दादा इंजिन निवेपर्यंत एकटे बसले, मग उतारावरून गाडी परत आणून चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात गेले. महिनाभर त्यांना स्टिअरिंग धरता आले नाही. हे मला सुट्टीत घरी आल्यावर कळले.

पुढे मी त्यांच्याजवळ बसून हे सारे शिकलो. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाड्यांत बहुतेक काळ पंपच नव्हता. तापलेले पाणी आपोआप वर चढे, निवलेले खाली येई. बुलेटच्या इंजिनावरच्या पात्या वाऱ्यावर निवतात. स्कूटरचे इंजिन झाकलेले, म्हणून तिला आत पंखा दिलेला. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. इंजिन पुरते गरम होईपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पुष्कळ मिस्त्री तो काढूनच टाकत. दादा म्हणत, "थंड इंजिनही बिघडतं. तेल जास्त पितं, लवकर झिजतं."

गेल्या दिवाळीत दादांचा नातू फराळाला आला. २०२३ साली पाण्याने निवणारी हिमालयन निघाली, तीच त्याने घेतली आहे. मी म्हटले, "विजेची घ्यायची होतीस, रेडिएटरची कटकट गेली असती." तो हसला. "गुरुजी, बॅटरीही तापते. मोठ्या विजेच्या गाड्यांत तिलासुद्धा पाणी फिरवून निववावं लागतं."

दादा शेजारी चहा पीत होते. कप धरलेल्या मनगटावर तो पांढुरका डाग अजून आहे. चाळीस वर्षांत त्यांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. चहा फार गरम होता. मी उगाच घाईने घोट घेतला आणि जीभ भाजली.

"थांबावं थोडं, भाऊ," दादा म्हणाले.