वारकरी भेटले नॉटिंगहॅमला

मला हे आधी कुणी का सांगितलं नाही? लेकीकडे नॉटिंगहॅमला यायची ही माझी तिसरी खेप. रॉबिन हूडचा पुतळा झाला, किल्ला झाला, दुकानांतून पाय दुखेस्तोवर हिंडून झालं. आणि हे ॲटनबरो गाव आगगाडीने पंधरा मिनिटांच्या आत, इतक्या जवळ होतं!

जूनमधला शनिवार होता. जावई म्हणाले, "आई, चला, तळं दाखवतो." मी मनात म्हटलं, तळंच ना, पर्वतीखाली काय कमी पाहिलीत. पहिल्या वळणावरच पाण्यात काळीकुळकुळीत मंडळी दिसली, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. अहो, वारकरी! भिगवणला हिवाळ्यात दिसणारे आपले वारकरी पक्षी, इथे भर उन्हाळ्यात लाल डोक्याची पिलं घेऊन संसार करत होते. मी इतक्या जोराने ओरडले, की पुढे चाललेल्या आजोबांनी वळून पाहिलं.

खरा धक्का पुढेच होता. हे तळंच नव्हे, ही खाण आहे. ट्रेंट नदीच्या काठी जमिनीखाली वाळू आणि गोट्यांचे थर. काँक्रीटसाठी 1929 पासून 1967 पर्यंत इथे ते उपसले. उपसा भूजलाच्या पातळीखाली गेला, की खड्डा आपोआप भरतो. असे खड्डे भरत गेले आणि एकाशेजारी एक तळी झाली. मधे उरलेले बांध म्हणजे आजच्या पायवाटा, न खणलेले तुकडे म्हणजे बेटं. 1966 मध्ये, उपसा पुरता थांबायच्याही आधी, ही जागा पक्ष्यांसाठी राखीव झाली. उद्घाटनाला कोण, तर टीव्हीवर निसर्ग दाखवणारे डेव्हिड ॲटनबरो. गावाला नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही बरं का. उलट त्यांचं आडनावच या गावावरून आलं असं सांगतात, म्हणजे ते आपल्या जुन्नरकर-बारामतीकरांच्या पंगतीतले.

वाळू उपसा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रात्रीचे ट्रक आणि सोललेली नदी येते. त्याच उपशाच्या खड्ड्यावर खंड्या निळी रेघ ओढून जाताना पाहिला, आणि मला काही सुचेनाच.

लाकडी खोलीत शिरलो. तिला हाइड म्हणतात: बसायला बाकं, समोर आडव्या फटी, बोलायचं कुजबुजत. (मला जमलं नाही.) मघाचे आजोबा तिथेच होते. त्यांनी न बोलता आपली दुर्बीण माझ्यापुढे सरकवली. आणि मी पाहिली ती तुरेवाली टिबुकली! आपल्या टिबुकलीची थोरली बहीण. डोक्यावर दोन शेंड्या, गळ्याभोवती तांबूस झालर, आणि पाठीवरच्या पिसांतून बाहेर डोकावणारी दोन पट्टेरी तोंडं. बाळं पाठुंगळी! तेवढ्यात जोडीदार आला आणि त्याने पिलाच्या चोचीत चक्क एक पीस कोंबलं. मासा नाही, पीस! आजोबा म्हणाले, पिसांचा पोटात बोळा होतो, मग माशाचे काटे टोचत नाहीत. आपण घास कालवून देतो, हे अस्तर घालून देतात.

याच पिसांपायी हा पक्षी इंग्लंडातून जवळजवळ संपला होता, हे ऐकल्यावर पोटात कालवलं. बायकांच्या टोप्या आणि गळपट्ट्यांसाठी इतक्या टिबुकल्या मारल्या, की 1860 च्या सुमारास सगळ्या ब्रिटनमध्ये शंभर जोड्याही उरल्या नव्हत्या. त्या फॅशनविरुद्ध उभ्या राहिल्या त्याही बायकाच. 1889 मध्ये एमिली विल्यमसन यांनी मँचेस्टरजवळ डिड्सबरीत आपल्या घरी पक्षी वाचवायला संस्था काढली, तीच आजची आरएसपीबी. कायदे झाले, पक्षी वाचले, आणि विसाव्या शतकात राहायला नवी घरं मिळाली ती अशाच भरलेल्या खाणींची.

अजून एक सांगते आणि थांबते. मुळा-मुठेच्या काठी तुरुतुरु पळणारा कंठेरी चिखल्या आपण ढुंकूनही पाहत नाही. तो ब्रिटनमध्ये पहिल्यांदा वीण करताना सापडला 1938 साली! पुढे तो देशभर पसरला तो मुख्यतः खाणींच्या उघड्या गोटाळ जमिनीवरून. आपल्या नदीवरचा रोजचा गडी इकडे नवलाईचा पाहुणा ठरला होता.

दुपारी पाण्यातच उभ्या असलेल्या पर्यटक केंद्रात चहा प्यायलो. सुरय पक्षी डोक्यावरून चिरकत जात होते. बंद पडलेल्या रॅटक्लिफ वीज केंद्राचे आठ धुरांडेवजा मनोरे क्षितिजावर होते. देखावा बिघडवतात, असं जावई म्हणाले. मला तर ते हवेच होते. हे अस्पर्श रान नाहीच मुळी, आणि त्याचीच तर मजा.

तुमचं कुणी नॉटिंगहॅमला असेल, तर किल्ला दुसऱ्या दिवशी बघा. आधी ॲटनबरोचं तिकीट काढा, दुर्बीण घ्या, सकाळी लवकर जा. हिवाळ्यात गेलात तर थापट्या बदकं शोधा, भिगवणची ओळख सांगून. आणि हाइडमध्ये ओरडू नका. माझ्यामुळे मराठी माणसांचं नाव तिथे आधीच थोडं खराब झालेलं आहे.