लाल शाई

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं आणि तिथून ‘साभार परत’ येण्याचा माझा मान हुकला. शेवटी तीनशे पानांचं आत्मचरित्र बगलेत मारून मी औरंगपुऱ्यातल्या एका संपादकांची पायरी चढलो. पदरचे पैसे मोजून आपलीच कत्तल करून घेण्याचा हा प्रकार!

महिन्याभरानं बाड परत आलं, ते लाल शाईनं न्हाऊनच. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘अविस्मरणीय’, सगळे गारद! पाणचक्कीवरच्या पहिल्या प्रेमाचे अकरा परिच्छेद दोन ओळींवर आले. (आमची ही तेवढी खूश झाली.) फक्त आईच्या शेवटच्या आजारपणाच्या पानावर ठिपकासुद्धा नव्हता.

“हे तपासायचं राहिलं का हो?”

“नाही,” चष्मा पुसत ते म्हणाले, “तिथं आपण लेखक आहोत हे तुम्ही विसरलात.”

उरलेली दोनशे नव्व्याण्णव पानं पुन्हा लिहायला घेतली आहेत.